साथीचे माप



वसंतऋतूतील व्याख्यानासाठी रोगराईचा विषय निवडणे काहींना औचित्यभंगाचे वाटेल. बाहेर आंब्याला पाड लागला आहे, लग्नसराई चालू आहे, आणि अशा वेळी प्लेग, मानमोडी आणि कोरोना यांच्या कथा कोणी ऐकाव्यात? परंतु करंजाडे-पनवेलच्या या परिसरात २०२० आणि २०२१ या दोन वर्षांविषयी बोलणे निघाले, की अजूनही एकाच कट्ट्यावर दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतो, ‘आमच्या घरात सगळ्यांना होऊन गेला. चार दिवस ताप आला, तोंडाची चव गेली, आठवड्यात कामाला लागलो. एवढा बाऊ करण्यासारखे त्यात होते काय?’ दुसरा त्यावर वाद घालीत नाही. तो नुसता उठून जातो. त्याच्या घरचे एक माणूस रुग्णालयात गेले होते, ते परत आले नाही, आणि त्याचे मुखही त्याला धड पाहता आले नाही.

या दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. मग साथ मोठी होती की लहान होती, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? हा प्रश्न आपल्या पिढीपुढे प्रथमच आला असे नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्राने तीन मोठ्या साथी पाहिल्या आणि तिन्ही वेळी हाच वाद झाला. तो कसा झाला, कोणत्या बाजूने कोण बोलले आणि अखेर निवाडा कशाने झाला, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रारंभ १८९६ पासून करू. मुंबईच्या मांडवी भागात धान्याची कोठारे होती, गोदीला लागून दाट वस्ती होती. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस तेथे उंदीर मरू लागले आणि मागोमाग माणसेही. ताप यावा, जांघेत वा काखेत गाठ यावी आणि चार-सहा दिवसांत माणूस संपावा, असा तो प्रकार होता. डॉ. अकाशियो गाब्रियेल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे वैद्य त्या भागात रुग्ण तपाशीत असत आणि महापालिकेचे सभासदही होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे उघडपणे सांगितले, की हा गाठीचा प्लेग आहे.

हे सांगणे त्या दिवशी कोणालाच नको होते. प्लेगचे नाव घेतले, की परदेशची बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, कापसाचा आणि धान्याचा व्यापार बसणार, हे व्यापाऱ्यांस ठाऊक होते. सरकारलाही ठाऊक होते. म्हणून प्रथम काही दिवस रोगाविषयी मोघम शब्द वापरण्यात आले. ‘ताप आहे, पण सौम्य आहे’, ‘एका पेठेपुरता आहे’, ‘थंडी पडली की जाईल’, असे बोलले गेले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रोग सौम्य आहे असे म्हणणारे सारेच लबाड नव्हते. मलबार हिलवर किंवा किल्ल्यात राहणाऱ्या माणसाला आपल्या डोळ्यांनी एकही रुग्ण दिसत नव्हता. मांडवीतल्या चाळीत राहणाऱ्याच्या दारावरून मात्र रोज तिरडी जात होती. शहर एकच होते. पण अनुभव पेठेपेठेने निराळा होता.

जंतुपरीक्षेने व्हिएगसांचे निदान पक्के झाले. पुढे धोबीतलावाला त्यांचा पुतळा उभा राहिला. तो आजही तेथे आहे. परंतु शहराने त्यांचे म्हणणे मानले ते पुतळ्याने नव्हे, पायांनी मानले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती आठ लाखांहून थोडी अधिक होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांतली निम्म्याच्या आसपास माणसे शहर सोडून गेली. कोणी आगगाडीने गेले, कोणी पडावात बसून कोकणात उतरले. पनवेल हे तर लोहमार्ग होण्यापूर्वीपासून मुंबई आणि घाट यांच्यामधले बंदर. मुंबईतल्या चाकरमान्याचे गाव बहुधा या खाड्यांच्या काठीच असे. घरी परतलेल्या मुलाला जवळ घ्यावे की गावाबाहेर ठेवावे, हा पेच कोकणातल्या कित्येक आयांपुढे त्या हिवाळ्यात पडला असेल, याची कल्पना आपणांस आज सहज करता येते. कारण २०२० साली तोच पेच पुन्हा पडला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. आता सरकारने आपली बाजू बदलली होती. काल जे सौम्य म्हणत होते, ते आज इतके कठोर झाले की घराघरांत शिरू लागले. पुण्यात रँडसाहेबांची नेमणूक झाली आणि मार्चपासून गोऱ्या शिपायांनी घरझडत्या सुरू केल्या. आजारी दिसेल त्याला रुग्णालयात आणि घरच्या माणसांना विलगीकरणाच्या छावणीत नेण्यात येई. सामान जाळावे, फरशा उखडाव्यात, देवघरात बूट घालून जावे, असे प्रकार घडले. तेव्हा लोकांमधला वाद निराळ्या वळणावर गेला. रोग मोठा की उपाय मोठा? पुष्कळांच्या मनाने कौल दिला, की प्लेगपेक्षा प्लेगचा बंदोबस्त अधिक भयंकर आहे. मग आजारी माणसे माळ्यावर लपविली जाऊ लागली, प्रेते रात्री पुरली जाऊ लागली. मुंबईत तर त्याआधीच, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणीकामगारांचा जमाव चालून गेला होता. रुग्णालयात नेतात ते मारण्यासाठीच, अशी त्यांची समजूत झाली होती.

या गोंधळात आपल्या मोठ्या माणसांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. लोकमान्य टिळक पुण्यातच राहिले. त्यांनी रोग नाकारला नाही. उलट हिंदूंसाठी निराळे रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला आणि गाव सोडून निघून गेलेल्या पुढाऱ्यांवर ‘केसरी’तून टीका केली. त्याच ‘केसरी’त शिपायांच्या जुलमावरही त्यांनी कोरडे ओढले. पंडिता रमाबाईंनी आपल्या आश्रयाखालील मुलींना प्लेगच्या बंदोबस्तात मिळालेल्या वागणुकीविषयी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात स्वतःच्या नावाने लिहिले. सरकारने ते नाकारले. नामदार गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवून त्यांनी शिपायांच्या अत्याचारांची हकीकत तेथील वृत्तपत्रास दिली. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला, तेव्हा पत्रे लिहिणारांपैकी कोणी पुढे येऊन साक्ष देईना. आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. अनुभव खरा असला तरी तो उघडपणे सांगायला आणि तपासू द्यायला माणूस उभा राहिला नाही, तर सार्वजनिक व्यवहारात त्याचे काही चालत नाही, हा धडा त्या प्रसंगाने महाराष्ट्राला दिला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आणि वादाचा शेवट रक्तपातात झाला.

याच काळात पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई फुले आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी आपल्या पाठीवरून दवाखान्यात आणले, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग मोठा की लहान या वादात त्या पडल्या नाहीत. जो पुढ्यात आजारी आहे त्याला उचलावयाचे, एवढेच त्यांनी ओळखले. सरकारच्या शिपायाने उचललेला रुग्ण आणि सावित्रीबाईंनी उचललेला रुग्ण जात होते दवाखान्यातच. पण एकाला लपवावे लागत होते आणि दुसरा विश्वासाने त्यांच्या पाठीवर बसत होता. साथीच्या बंदोबस्ताचे सारे रहस्य या एका फरकात आहे असे मला वाटते.

आता मोजणीकडे वळू. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस उपयोगी की निरुपयोगी, यावरही मुंबईत तट पडलेच. कोणी म्हणे, माझ्या मेहुण्याने टोचून घेतली आणि त्याला ताप आला. कोणी म्हणे, माझ्या भावाने टोचून घेतली आणि तो वाचला. अशा साक्षी हजार जमविल्या तरी निर्णय होत नाही. हाफकिनने काय केले? भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली होती. तेथे राजी झालेल्या कैद्यांना लस टोचली, उरलेल्यांना टोचली नाही. अन्न तेच, कोठड्या त्याच, हवा तीच. मग दोन्ही गटांत किती आजारी पडले आणि किती दगावले, एवढेच मोजले. टोचलेल्यांत आजार आणि मृत्यू स्पष्टपणे कमी निघाले. ही रीत दिसायला साधी आहे. पण ‘माझ्या घरी असे झाले’ या वाक्यापासून ‘आपल्या गावात असे झाले’ या वाक्यापर्यंत पोहोचण्याचा याहून चांगला पूल अद्याप कोणी बांधलेला नाही.

दुसरी साथ १९१८ ची. आपल्या खेड्यांतून तिला मानमोडी म्हणत. मुंबईत ती जूनमध्ये आली. १० जूनला गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात गेले. मग कचेऱ्या, गिरण्या, छापखाने सगळीकडे निम्मी माणसे गैरहजर. तीन दिवस अंग मोडून येई आणि बहुतेक लोक बरे होत. त्यामुळे ‘हा तर तीन दिवसांचा ताप’ अशी शहरभर समजूत झाली, आणि जूनपुरते पाहता ती अगदीच निराधार नव्हती. मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी या रोगाला रात्री घरात शिरणाऱ्या चोराची उपमा दिली. मेअखेरीस बंदराला लागलेल्या एका जहाजाने तो आणला असे त्यांचे म्हणणे. जहाजावरच्या माणसांनाच तो मुंबईत लागला असे सरकारचे म्हणणे. रोग कोणाचा, या वादात उन्हाळा-पावसाळा गेला.

सप्टेंबरात तो परत आला आणि या वेळी तो तीन दिवसांचा ताप राहिला नव्हता. फुप्फुसे भरून येत आणि तरणीताठी माणसे दोन-चार दिवसांत जात. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस फसला होता, धान्य महाग होते, अंगात ताकद नव्हती. जूनमध्ये ज्यांनी स्वतः ताप काढला होता, ते आपल्या अनुभवाच्या जोरावर निर्धास्त होते. परंतु त्यांचा अनुभव जूनचा होता आणि संकट ऑक्टोबरचे होते. अनुभवाला तारीख असते, हे आपण विसरतो.

अनुभवाला जागाही असते. त्या साथीत मुंबईतील मृत्यूंचे आकडे जातिधर्मवार काढले गेले होते. दर हजारी युरोपियनांत ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि ज्यांना त्या काळी खालच्या जातींचे म्हणत त्या हिंदूंत ६१.६. रोगाला जात कळत नाही. पण एका खोलीत किती माणसे निजतात, पाणी कोठून आणावे लागते, आजारी पडले असता कामावर न जाता चालते की नाही, हे सारे आपल्या देशात जातीने ठरत आले आहे. बंगल्यातला माणूस म्हणाला असेल, ‘साथ होती, पण आमच्या ओळखीत फारसे कोणी गेले नाही.’ तेही खरेच होते. त्याच्या ओळखीची मर्यादा मात्र त्याला दिसत नव्हती.

आता थोडा हिशेब करू. १९१८ साली मुंबई इलाख्यात या रोगाने दर हजारी पन्नासहून अधिक माणसे गेली, म्हणजे साधारण वीस माणसांत एक. आपण पाच-पाच माणसांची वीस घरे डोळ्यांपुढे आणा. माणसे शंभर, मृत्यू पाच. ते पाचही निरनिराळ्या घरांत झाले असे धरले, तरी पंधरा घरांत मृत्यू नाही. या पंधरा घरांतील कर्ते पुरुष उद्या कट्ट्यावर बसून म्हणू लागले, की साथीचा उगीच गवगवा झाला, तर त्यांचे बहुमत होईल. आणि तरीसुद्धा ती साथ या देशाच्या ज्ञात इतिहासातील सर्वांत घातक साथ होती. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली; पुढच्या कोणत्याही दशकात असे झालेले नाही. साथीचा मोठेपणा बहुमताने ठरत नाही, तो यासाठी.

बरे, मोजणी तरी निर्दोष होती काय? नव्हती. गावचे मृत्यू गावकामगाराने लिहावयाचे, आणि त्या ऑक्टोबरात लिहिणारेच अंथरुणाला खिळलेले. सरकारचा पहिला अंदाज साठ लाख मृत्यूंच्या आसपास होता. पुढच्या अभ्यासकांनी शिरगणतीचे आकडे लावून पाहिले, तेव्हा देशातील मृत्यू एक कोटीच्या फार पुढे, दोन कोटींच्या जवळपास गेले. म्हणजे लाखो माणसे एकदा रोगाने गेली आणि दुसऱ्यांदा कागदावरून गेली. मानमोडीचे स्मारक आपणांस सहसा कोठे दिसत नाही, याचे हेही एक कारण असावे. प्रत्येक घराने आपले दुःख आपल्यापाशी ठेवले. त्याची बेरीज गावाने केली नाही.

तिसरी साथ आपण स्वतः पाहिली. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. त्याच आठवड्यात महाराष्ट्र सरकारने १८९७ चा तोच जुना कायदा लागू केला. २४ मार्चच्या रात्रीपासून देश बंद झाला. करंजाडे त्या वेळी पनवेल महापालिकेच्या हद्दीबाहेर होते, त्यामुळे रोजच्या यादीत आपली गणती ग्रामीण भागात होई. पण ही वस्ती खेड्यासारखी राहिलेली नव्हती. सिडकोच्या भूखंडांवर नव्या इमारती उभ्या होत्या, वडघर-करंजाड्याच्या बाजूला विमानतळासाठी उठलेल्या गावांतील कुटुंबे नव्याने घर मांडीत होती, आणि पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी मुंबईस कामाला जाणारे होते. या शेजाऱ्यांना एकमेकांची नावेसुद्धा अजून नीट ठाऊक नव्हती, आणि पहिली ओळख झाली ती तोंड बांधून.

मे महिन्यात मुंबईभोवतालच्या शहरांतून मागणी निघाली, की मुंबईत कामाला जाणाऱ्यांची सोय मुंबईतच करावी. ते रोग घेऊन येतात. मागणी करणाऱ्याची भीती खोटी नव्हती. पण ज्यांच्याविषयी ती केली, त्यांत परिचारिका होत्या, सफाई कामगार होते, पोलीस होते. दिवसभर ज्यांनी रुग्ण पाहिले त्यांना साथ मोठी वाटे. घरात बसून ज्यांचा पगार थांबला त्यांना टाळेबंदी मोठी वाटे. आणि ज्यांना दोन्हींची झळ लागली नाही त्यांना सारेच अवडंबर वाटे. १८९७ च्या पुण्यातला ‘रोग मोठा की उपाय मोठा’ हा वाद शब्दशः परत आला. पुढे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली, प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी रांगा लागल्या, आणि पहिल्या लाटेतल्या सौम्य अनुभवावर विसंबलेली माणसे १९१८ च्या ऑक्टोबरातल्या माणसांसारखी चकित झाली.

आकड्यांचा वादही तसाच उरला. २०२१ च्या अखेरीपर्यंत देशातील मृत्यूंचा सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये आपला अंदाज दिला तो सुमारे ४७ लाखांचा. भारत सरकारने त्या गणनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. या वादाचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. पण ही गणना कशी करतात हे प्रत्येक नागरिकाने समजून घ्यावे. एरवी एखाद्या गावात वर्षाला किती माणसे जातात ते पाहावयाचे, साथीच्या वर्षी किती गेली ते पाहावयाचे, आणि वजाबाकी करावयाची. दाखल्यावर कोणता रोग लिहिला आहे, यावर ही रीत अवलंबून नाही. मात्र प्रत्येक मृत्यूची नोंद झालेली असली पाहिजे, यावर ती पूर्णपणे अवलंबून आहे.

तिन्ही साथींचा इतिहास एकत्र ठेवला म्हणजे मला दोन गोष्टी दिसतात. घरचा अनुभव हा साक्षीदार आहे; त्याला न्यायासनावर बसवू नये आणि न्यायालयाबाहेरही काढू नये. ज्याच्या घरी कोणी गेले नाही त्याने आपल्या घरावरून गावाचे माप घेऊ नये. उलट ज्याच्या हाती आकडे आहेत त्याने रँडसाहेबासारखे घरात घुसू नये. माणसाचे ऐकून घ्यावे, कारण विश्वास गेला की माणसे आजारी माणूस लपवितात, आणि लपविलेला रुग्ण कोणत्याच मोजणीत येत नाही. मोजणीला विश्वास लागतो आणि विश्वासाला खरी मोजणी लागते. यांतले एक तुटले की दुसरेही टिकत नाही.

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने आपल्या गावासाठी एक काम सुचवितो. जन्ममृत्यूंच्या नोंदी शासनाकडे असतात. २०१५ पासूनच्या प्रत्येक वर्षाचे करंजाड्यातील मृत्यूंचे आकडे गावातल्या चार तरुणांनी रीतसर मागून घ्यावेत आणि एका कागदावर शेजारी शेजारी मांडावेत. वस्ती वाढत गेली आहे, तेव्हा लोकसंख्येचा हिशेबही त्यासोबत ठेवावा. दुसऱ्या वहीत, ज्यांची इच्छा असेल त्या घरांनी त्या दोन वर्षांत आपल्यावर काय गुजरले ते आपल्या शब्दांत लिहावे. ज्याला साधा ताप आला त्याने तसे लिहावे, ज्याचे माणूस गेले त्याने तसे लिहावे. पहिला कागद दुसऱ्या वहीवाचून मुका आहे आणि दुसरी वही पहिल्या कागदावाचून एकांगी आहे. मानमोडीच्या वेळी आपल्या आजे-पणजांना हे जमले नाही. लिहिता येणारी माणसे थोडी होती आणि ती आजारी होती. आपल्याला ती अडचण नाही. ही दोन्ही बाडे गावच्या वाचनालयात ठेवली, तर पुढची साथ येईल तेव्हा कट्ट्यावरचा वाद थांबणार नाही कदाचित. पण तो करणाऱ्यांच्या हाताशी आपल्याच गावचा पुरावा असेल.